मुलें आणि कुलाभिमान

गेल्या आषाढांत आमच्या तीर्थरूपांचें सांवत्सरिक श्राद्ध होतें. त्या दिवशीं साक्रीच्या आमच्या जुन्या घरांत सारे भाऊबंद जमतात, हा परिपाठ अद्याप टिकून आहे. या खेपेस धाकट्या बंधूंचा नातूही आला होता. वय अकरा, जन्म आणि शिक्षण अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत. सोवळ्यांत बसलेल्या आम्हां वडीलमाणसांकडे तो बाजूच्या पाटावरून मोठ्या उत्सुकतेनें पाहत होता. वसुरूप पिता, रुद्ररूप पितामह, आदित्यरूप प्रपितामह अशीं तीन पिढ्यांचीं नांवें आम्हीं उच्चारलीं, तीं त्यानें बोटांवर मोजलीं. जेवणें आटोपल्यावर त्यानें आपल्या मोडक्या मराठींत विचारलें, "मोठे आजोबा, हे तिघे काय काम करत होते?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधें निघेना. वडील मामलेदार कचेरींत कारकून होते, हें आम्हीं सांगितलें. आजोबांविषयीं "ते फार तापट होते" यापलीकडे कोणास कांहीं आठवेना. पणजोबांविषयीं तर पंक्तींतील आठ-दहा प्रौढ माणसांपैकीं एकासही एक धड वाक्य सांगतां आलें नाहीं. वर्षानुवर्षें दर आषाढांत आणि दर भाद्रपदांत आम्हीं त्यांच्या नांवानें तिलोदक दिलें. पण ज्यांस तें दिलें ते गृहस्थ कोण होते, कसे जगले, याचा आम्हांस गंधही नव्हता.

मुलगा तेवढ्यावर थांबला नाहीं. त्याच्या वर्गांत मेक्सिकोहून आलेल्या घराण्यांतील पुष्कळ मुलें आहेत. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांतून ज्यांचे पूर्वज आले, त्यांस अमेरिकेंत 'हिस्पॅनिक' म्हणतात. त्यांच्या वारशाच्या गौरवार्थ तेथील काँग्रेसनें १९६८ सालीं एक सप्ताह ठरविला. १९८८ सालीं सप्ताहाचा महिना झाला. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा तो पाळतात. कारण मध्य अमेरिकेंतील पांच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला आणि मेक्सिकोचा १६ सप्टेंबरला येतो. त्या महिन्यांत मुलें आपल्या घरची एखादी वस्तु, एखादें पक्वान्न, एखादी हकीकत शाळेंत आणतात. आमच्या नातवाच्या वर्गांतील एका मुलीनें आपला पणजोबा टेक्सासांत कापूस वेचण्याच्या मजुरीसाठीं कसा आला, तें सर्वांसमोर सांगितलें म्हणे. सांगतांना ती लाजली नाहीं. उलट तिची मान ताठ होती. हें सारें सांगून नातवानें विचारलें, "आपला महिना कधीं असतो?"

"अरे, आपले बाराही महिने आपलेच!" असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. सर्व हंसले. पण मजूर पणजोबाची हकीकत ती मुलगी ताठ मानेनें सांगूं शकते, आणि ज्यांच्या घरीं दोनशें वर्षांचा देव्हारा आहे त्यांना आपल्या पणजोबांचें एक वाक्य सांगतां येत नाहीं, ही गोष्ट आमच्या मनांतून जाईना. त्या निमित्तानें गेलें वर्षभर जें शोधलें व जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

अभिमान कशाचा?

कुलाभिमान म्हटला कीं आपल्या घरांतून एक ठराविक पाठ सुरू होतो: आपलें गोत्र अमुक, प्रवर इतके, कुलदैवत अमुक, आणि आपण श्रेष्ठ. शेवटचें वाक्य उघड बोललें नाहीं तरी मुलांस तें ऐकूं येतें. हा अभिमान नव्हे, गर्व होय. अभिमानास कांहीं आधार लागतो. गर्वास लागत नाहीं. मुलास नुसता गर्व दिला तर तो दोन प्रकारें वायां जातो. एक तर तें मूल दुसऱ्यास तुच्छ लेखूं लागतें. नाहीं तर बाहेरच्या जगांत पहिला धक्का बसतांच त्याचा गर्व गळतो आणि त्यास आपल्या घराचीच लाज वाटूं लागते. गर्व आणि लाज हीं दोन्ही अज्ञानाचींच अपत्यें आहेत.

खरा कुलाभिमान कसा असतो, याचें उदाहरण पाहण्यास आम्हां खानदेशवासीयांस दूर जावयास नको. चाळीसगांवाजवळ सह्याद्रीच्या कुशींत पाटणें हें गांव आहे. पाटणादेवीचें स्थान म्हणून लोक तेथें जातात. तेथील मंदिरांत एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो १८६५ सालीं विद्वानांपुढें आणला. 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणारे भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांचा तो लेख. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा; ग्रंथ पुरा झाला तेव्हां त्यांचें वय ३६ होतें. 'लीलावती' हा त्याच ग्रंथाचा पहिला भाग. गणित त्यांस शिकविलें तें त्यांचे वडील महेश्वर यांनीं.

या लेखांत चांगदेवांनीं आपल्या घराण्याच्या पिढ्या क्रमानें दिल्या आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि स्वतः चांगदेव. नऊ पिढ्या! पण नुसतीं नांवें देऊन चांगदेव थांबलेले नाहींत. कोणत्या पूर्वजानें कोणती विद्या केली, कोणास कोणत्या राजानें मान दिला, हें त्यांनीं लिहिलें. स्वतः ते यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. राजाश्रय होता, धन होतें. मनांत आणतें तर आजोबांच्या नांवानें छत्री किंवा देऊळ उभारते. त्यांनीं काय केलें? आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला. त्यास निकुंभ घराण्यांतील सोइदेव यानें शके ११२८ त, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, दान दिलें. आजोबा थोर होते असें सांगून नातू स्वस्थ बसला नाहीं. आजोबांची विद्या पुढच्या मुलांच्या हातीं पडेल अशी व्यवस्था त्यानें केली. पूर्वजांचें काम पुढें नेण्याची अशी हौस म्हणजेच कुलाभिमान.

दुसरें उदाहरण दूरचें, पण मराठीच. तंजावरच्या भोसल्यांनीं मायभूमीपासून शेंकडों कोस दूर, तमिळ मुलखांत राज्य केलें. दुसरे सरफोजी राजे यांनीं १८०३ सालीं बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला. जगांतील अत्यंत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. भोंवतालीं सर्वत्र तमिळ भाषा, राजसत्तेवर इंग्रजांचा पगडा बसलेला. अशा वेळीं त्या राजास वाटलें कीं आपण कोण, कोठून आलों, हें आपल्या भाषेंत टिकलें पाहिजे. परदेशीं असलेल्या आपल्या मुलानातवंडांची अवस्था याहून फार वेगळी नाहीं.

रुमालांतील कागद

चांगदेवांस नऊ पिढ्या ठाऊक होत्या. आम्हांस चौथी ठाऊक नव्हती. म्हणून शोध आरंभिला. पहिला मार्ग सर्वांस खुला आहे, तो म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरास आपले पूर्वज गेले तेव्हां त्यांचें नांव, गांव, सोबतचीं माणसें उपाध्यायांनीं लिहून घेतलीं आणि वहींत सह्या घेतल्या. नातवास घेऊन आम्ही नाशकास गेलों. गांवाच्या नांवावरून वही निघाली, कुळाच्या नांवावरून पान निघालें, आणि पणजोबांची मोडी सही दिसली. तिच्यांत त्यांच्या वडिलांचें नांव होतें. चौथी पिढी सांपडली! मुलानें सहीवर हलकेंच बोट टेंकलें. त्या पानानें जें केलें, तें आमच्या शंभर उपदेशांनीं झालें नसतें.

दुसरा मार्ग घरांतलाच. पोटमाळ्यावर लाल खारव्याचा एक रुमाल बांधलेला होता. तो आमच्या जन्मापासून तेथेंच होता. दिवाळीच्या साफसफाईंत त्याची धूळ झटकली जाई, गांठ मात्र कधीं सुटली नाहीं. खानदेशांत तर असे रुमाल न सोडणें हें पापच म्हटलें पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचे बावीस खंड काढले, ते अशाच घरोघरच्या रुमालांतून. त्यासाठीं ते गांवोगांव पायपीट करीत. कोणी कागद देई, कोणी दारांतूनच परतवी, आणि कोठें ते कागद वाळवीनें आधींच वाचून संपविलेले असत. १९२६ च्या डिसेंबरांत धुळ्यासच त्यांनीं देह ठेवला, आणि त्यांचा संग्रह जतन करण्यासाठीं १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. साक्रीहून तें सुमारें पन्नास कि. मी. वर आहे. पुष्कळ घरांतील मुलांनीं सुटींत मुंबई पाहिली आहे, सिंगापूर पाहिलें आहे. हें मंडळ पाहिलेलें नाहीं.

रुमालांतील कागद मोडींत होते. धुळ्याच्या एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांनीं ते वाचून दिले. पणजोबा एका खेड्याचे कुलकर्णी होते, हें त्यांवरून कळलें. (कुलकर्णी वतनें १९५१ सालीं कायद्यानें गेलीं, तोंपर्यंत आमच्या घराकडे तें काम होतें.) पहिला महत्त्वाचा कागद निघाला तो १९०० सालचा. तें साल छप्पन्याच्या दुष्काळाचें. विक्रम संवत् १९५६ म्हणून लोक त्यास छप्पन्या म्हणत. १८९९ सालीं पाऊस गेला आणि गुजराथ, खानदेशापासून राजपुतान्यापर्यंत हाहाकार झाला. त्या वर्षीं पणजोबांनीं मामलेदारांकडे लिहिलेल्या अर्जाची नक्कल रुमालांत होती. गांवांतील घरटी माणसें किती, गुरें किती मेलीं, पेंवांत धान्य किती उरलें, हें सारें देऊन सारा तहकूब करावा अशी विनंती त्यांनीं केली होती. अक्षर सुबक, मजकूर नेमका. आमचा ऊर भरून आला. मुलास सांगण्यासारखी गोष्ट मिळाली!

दुसरा कागद त्याच वर्षाचा, त्याच हाताचा. तें गहाणखत होतें. गांवच्या एका शेतकऱ्यास पणजोबांनीं चाळीस रुपये कर्जाऊ दिले होते, आणि मुदतींत फेड न झाल्यास चार बिघे जमीन त्यांची व्हावी अशी अट होती. तिसऱ्या कागदावरून ती जमीन आमची झाल्याचें दिसलें. शेतकरी त्याच जमिनींत आमचें कूळ म्हणून राबूं लागला.

येथें आमच्या घरांत मतभेद झाला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं १९४८ च्या कुळकायद्याचें आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचें नांव निघतांच जो सुस्कारा ऐकूं येतो, तो आमच्याही घरीं पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत होता. "आमची हक्काची जमीन गेली" हें वाक्य आम्ही बाळपणापासून ऐकलें. ती जमीन आमच्याकडे कशी आली, हें मात्र कोणी कधीं सांगितलें नव्हतें. कदाचित् त्यांसही ठाऊक नसेल. कदाचित् ठाऊक असून सांगावेसें वाटलें नसेल. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, अर्जाची गोष्ट सांगा, हें गहाणखत पोरास कशाला दाखवितां? कधीं नव्हे तो घराविषयीं आपुलकीनें विचारतो आहे. त्याचें मन मोडेल."

बंधूंचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, आणि आम्हीं दोन दिवस विचार केला. शेवटीं वाटलें कीं अर्धेंच सत्य सांगून जो अभिमान उत्पन्न होईल, तो दुसरें अर्धें कळतांच ढांसळेल. आणि तें कळल्याखेरीज राहत नाहीं. दोन्ही कागद त्याच्यापुढें ठेवले आणि मजकूर समजावून दिला. दुष्काळांत गांवाची बाजू मांडणारे आणि दुष्काळांत शेजाऱ्याचें शेत लिहून घेणारे, हे दोघे एकच गृहस्थ होते.

त्यानें बराच वेळ कागद न्याहाळले. मग विचारलें, "तें शेत आतां कोणाचं आहे?"

आम्ही म्हणालों, "ज्याचें होतें त्याच्या वंशजांचें. कायद्यानें परत गेलें."

"म्हणजे बरोबर झालं," तो म्हणाला, आणि अर्जाचा कागद पुन्हां हातांत घेऊन विचारूं लागला कीं पेंव म्हणजे काय.

साठ वर्षें ज्या गोष्टीचा सुस्कारा आमच्या घरानें सोडला, तिचा निकाल अकरा वर्षांच्या पोरानें तीन शब्दांत लावला. त्याचें मन मोडलें नाहीं. पणजोबांविषयींची त्याची ओढही कमी झाली नाहीं; उलट नांवापुरते असलेले पणजोबा त्याच्या दृष्टीनें हाडामांसाचे झाले. मुलें निर्दोष पूर्वज मागत नाहींत. तीं खरे पूर्वज मागतात.

घरची वाणी

आतां एक गोष्ट स्वतःविषयीं सांगितली पाहिजे, कारण ती याच विषयाची आहे.

आम्हीं बत्तीस वर्षें एका शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. खानदेशांतील मुलें घरीं अहिराणी बोलतात. 'आहे' यास 'शे', 'मला' यास 'माले', मुलास 'आंडोर', मुलीस 'आंडेर'. शुद्ध भाषेचा आम्हांस मोठा कैवार. नोकरीच्या पहिल्या वर्षांतील प्रसंग आहे. वर्गांत एका मुलास विचारलें, "वडील कां आले नाहींत?" तो उभा राहून म्हणाला, "मना बाप वावरमा शे." आम्हीं त्याच्या वाक्याची नक्कल केली, वर्ग हंसला, वर छडी दिली ती निराळीच. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तो मुलगा वर्गांत आपण होऊन बोलला नाहीं. आम्हांस तेव्हां तें शिस्तीचें लक्षण वाटलें. तो मूर्ख नव्हता, त्याचें वाक्यही अशुद्ध नव्हतें. 'वावरमा' यांतील 'मा' आणि गुजरातींतील 'मां', 'शे' आणि 'छे', हीं सख्ख्या शेजारणींचीं रूपें आहेत, तें एका भाषेचें रीतसर व्याकरण आहे, हें ध्यानांत यावयास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. पाणिनीचीं सूत्रें पाठ करून दारांतल्या भाषेचें व्याकरण न दिसणें, यास विद्या म्हणत नाहींत. त्या मुलास आम्हीं शुद्ध मराठी शिकविली नाहीं. आपल्या बापाच्या बोलण्याची लाज शिकविली.

ज्या टेक्सासांत आमचा नातू शिकतो, तेथेंही हेंच झालें होतें. १९१८ सालीं तेथील विधिमंडळानें शाळांतून इंग्रजीखेरीज अन्य भाषेंत शिकविणें हा गुन्हा ठरविला, आणि तो कायदा १९६९ पर्यंत राहिला. स्पॅनिश बोलल्याबद्दल तेथील मुलांस शाळेंत शिक्षा होत. पुष्कळ आईबापांनीं तो धसका घेऊन आपल्या मुलांशीं घरीं स्पॅनिश बोलणेंच सोडलें. आजीची भाषा नातवास कळेनाशी झाली. आज साजरा होणारा महिना म्हणजे, आमच्या समजुतीप्रमाणें, अंशतः त्या चुकीचें प्रायश्चित्तच आहे.

आमच्याकडे काय चाललें आहे? २००१ च्या जनगणनेंत खानदेशी ही आपली मातृभाषा असें सुमारें २० लक्ष ७५ हजार लोकांनीं लिहविलें. २०११ च्या जनगणनेंत ती संख्या सुमारें १८ लक्ष ६० हजारांवर आली. लोकसंख्या वाढली आणि भाषा सांगणारे घटले. सर्वच बोलावयाचे थांबले असें नव्हे. पण विचारणाऱ्यापुढें 'हीच माझी भाषा' असें सांगावयास ज्यांची जीभ अडखळते, त्यांत आमच्या वर्गांतून बाहेर पडलेले कितीक असतील!

याच मुलखांत याचें उत्तरही आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यावर त्यांनीं घरच्या लेवा बोलींत गाणीं रचलीं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः नांवाजलेले कवि, नागर मराठींत लिहिणारे. आईच्या बोलीची त्यांस लाज वाटती, तर तीं गाणीं तिच्याबरोबरच गेलीं असतीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या. जीं गाणीं घरच्या मंडळींनीं टिपून ठेवलीं होतीं, तीं सोपानदेवांनीं आचार्य अत्रे यांस दाखविलीं, आणि १९५२ सालीं त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालें. आज जळगांवच्या विद्यापीठास त्या निरक्षर माउलीचें नांव आहे. पाटण्याच्या चांगदेवांनीं आजोबांसाठीं जें केलें, तेंच सोपानदेवांनीं आईसाठीं केलें. पाटण्याच्या त्या शिलालेखाचा आरंभ संस्कृतांत असला, तरी घाण्यांतून व बाजारांतून मठास काय मिळावें हा शेवटचा मजकूर तत्कालीन लोकांच्या मराठींत आहे, हेंही येथें ध्यानांत घ्यावें. एवढ्या पंडित घराण्यास लोकांची वाणी कमी दर्जाची वाटली नाहीं.

आमच्यासारख्या ब्राह्मण घरांत अहिराणी ही चुलीजवळची भाषा कधीं नव्हती, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण अंगणांतली, ओट्यावरची, शेतांतली आणि आमच्या आजीच्या मैत्रिणींची भाषा तीच होती. जी भाषा ऐकत आपण वाढलों, ती आपल्या वारशांत येतेच. आणि दुसऱ्याच्या वारशास हंसावयास शिकलेलें मूल आपल्याही वारशाचा मान राखूं शकत नाहीं.

घरोघरीं काय करतां येईल?

वर्षभराच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवितों. त्यांत खर्च जवळजवळ नाहीं.

पहिली: श्राद्धाच्या दिवशीं पिंडदान झाल्यावर, पान वाढण्यापूर्वीं, ज्याचें नांव घेतलें त्याची एक तरी हकीकत मुलांस सांगावी. हकीकत ठाऊक नसेल तर ती शोधण्याचें काम वर्षभरासाठीं मुलांकडेच द्यावें. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं 'श्यामची आई' लिहिली, तीही रोज रात्रीं एक आठवण सांगावी अशाच बेतानें. घरांतल्या साध्या आठवणीचें सामर्थ्य केवढें असतें, हें महाराष्ट्रास त्या पुस्तकानें दाखविलें.

दुसरी: वंशावळींत स्त्रियांस स्थान द्यावें. श्राद्धविधींत माता, पितामही, प्रपितामही यांचें नांव येतें, मातामहांचेंही येतें. पण आपल्या घरोघरच्या वंशवृक्षावर बहुधा पुरुषच लटकलेले दिसतात. आमच्या आजीचें माहेरचें नांव काय, हें विचारल्यावर आम्हां पांच भावंडांस सांगतां आलें नाहीं. नाशिकच्या वहींत तिचें सासरचें नांव मिळालें. माहेरचें अखेर तिच्या भाचीच्या सुनेकडून मिळालें. जिनें आम्हांस घांस भरविला तिचें मूळ नांव आम्ही पासष्टीला शिकलों, याची खंत वाटते.

तिसरी: मुलांस नुसतें ऐकवूं नये, त्यांच्या हातीं काम द्यावें. सुटींत त्यांनीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या तोंडून ऐकून लिहून काढावें, मोडीचीं पन्नास अक्षरें शिकावीं, खापरावर मांडा कसा सोडतात तें पाहावें आणि एक फसवून पाहावा. आमच्या शेजारीं श्रावणांत कानबाई बसते, तेव्हां घरांतील प्रत्येक पुरुषाच्या नांवानें, पाळण्यांतल्या बाळाच्या नांवानेंसुद्धां, रोटासाठीं गहूं मोजून घेतात. आणि दूरदूरचे भाऊबंद त्या दिवशीं घरीं येतात. 'माझ्या नांवाची मूठ त्या सुपांत आहे' हें ज्या मुलास ठाऊक आहे, त्यास तूं या घरचा आहेस असें निराळें सांगावें लागत नाहीं. आखाजीस पितरांच्या नांवानें घागर भरतात, तीही मुलांच्या हातून भरवावी.

चौथी: आपल्या घराबरोबर आपला परिसरही दाखवावा. साक्री तालुक्यांतच बळसाण्याचीं प्राचीन मंदिरें आहेत, निजामपुराजवळ भामेरचा किल्ला आणि त्याच्या पोटांतील कोरीव लेणीं आहेत. जें मूल हीं पाहील, तें आपल्या गांवास 'मागासलेलें' म्हणतांना दोनदां विचार करील.

नातवाची सुटी संपण्यापूर्वीं आम्ही त्यास त्या खेड्यांत घेऊन गेलों. गहाणखतांतील शेतकऱ्याचा नातू आतां ऐंशीच्या घरांत आहे. बांधावरच्या निंबाखालीं बसला होता. आम्हीं सांगितलें कीं आम्ही जुन्या कुलकर्ण्यांच्या घरचे. त्यानें आम्हांस जागा करून दिली, पाणी मागविलें, आणि नातवाकडे पाहून विचारलें, "हाऊ कोन?"

आम्ही उत्तर देणार, तोंच आठवड्यापासून घोकलेलें वाक्य मुलानें म्हटलें, "मी यासना नातू शे."

म्हातारा मोठ्यानें हंसला. पण तें हंसणें आमच्या वर्गांतल्यासारखें नव्हतें. त्यानें मुलास जवळ ओढलें आणि सभोंवारचें शेत दाखवीत अहिराणींत बोलूं लागला. कागदाचा विषय त्यानें काढला नाहीं, आम्हींच काढला. तो म्हणाला कीं छप्पन्याची हकीकत त्यानें बापाकडून ऐकली आहे, आणि तो अर्जही ठाऊक आहे. त्या वर्षीं गांवचा सारा तहकूब झाला होता. म्हणजे जी गोष्ट आमच्या घरानें विसरून टाकली होती, ती त्याच्या घरानें सांभाळून ठेवली होती, आणि ती देखील आमच्या पणजोबांच्या बाजूची.

परततांना मुलगा गाडींत वहींत लिहीत होता. येत्या आषाढांत तो येथें नसेल. त्याच्या शाळेंत पुढें घरची हकीकत सांगण्याची पाळी येईल तेव्हां तो काय सांगेल, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्यापुरतें ठरलें आहे: या वर्षीं प्रपितामहांच्या नांवानें तिलोदक देतांना आमच्या डोळ्यांपुढें दोन्ही कागद असतील, आणि पंक्तींत मुलांस दोहोंचीही गोष्ट सांगितली जाईल. वाचकहो, आपल्याही पोटमाळ्यावर एखादा रुमाल असेल. वाळवीच्या आधीं मुलांच्या हातून त्याची गांठ सोडवा.